टचपॅड बंद पडले, दोष निघाला बॅटरीत : लॅपटॉपच्या 19 महिन्यांच्या वापराचा अनुभव

मी चिपळूणला घरून मुद्रितशोधनाचे काम करते. दिवसाचे सहा-सात तास शब्द निवडणे, ओळ उचलून दुसरीकडे ठेवणे आणि खुणा करणे हेच काम असते. मनगटाच्या दुखण्यामुळे मला माउस सोसत नाही, त्यामुळे लॅपटॉपचे टचपॅड चालत नसेल तर माझे कामच थांबते. मध्यम किमतीचा, 14 इंची पडद्याचा हा लॅपटॉप घेऊन 19 महिने झाले. पडदा आणि कीबोर्ड यांबद्दल तक्रार नाही. टचपॅडने मात्र तीनदा दगा दिला आणि तिन्ही वेळा कारण वेगळे निघाले.

पहिल्या वेळी ते पुरते बंद पडले नव्हते, पण चार्जर लावला की कर्सर आपोआप उड्या मारू लागे आणि तळहाताला धातूच्या कडेवर हलक्या मुंग्या येत. चार्जर काढताच सारे शांत होई. टचपॅड बोटामुळे विद्युतधारकतेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा अगदी सूक्ष्म बदल मोजत असते. अर्थिंग नसेल तर चार्जरकडून येणाऱ्या किंचित गळतीच्या प्रवाहामुळे ते मोजमाप बिघडते. आमच्या जुन्या घरातल्या सॉकेटला तिसरे भोक होते, पण त्यामागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. वायरमनने ती जोडल्यावर हा त्रास पुन्हा झाला नाही.

दुसऱ्या वेळी विंडोज अपडेट झाल्यानंतर कर्सर पडद्यावरून नाहीसाच झाला. टचपॅड चालू-बंद करणारी फंक्शन की आधी तपासली, सेटिंग्जमधले बटणही पाहिले. दोन्ही ठीक होते. माउस नसतानाही विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून नंतर एम दाबले की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या उपकरणांची यादी, उघडतो, आणि पुढे टॅब व बाणांच्या कळांनी सगळीकडे जाता येते. तेथे आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस या नावासमोर (टचपॅड तेथे याच नावाने दिसते) पिवळा त्रिकोण आणि ‘कोड 10’ दिसला, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नव्हते. ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घातला, उपयोग झाला नाही. शेवटी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण 40 सेकंद दाबून धरले आणि मग सुरू केला, तेव्हा टचपॅड जागेवर आले. अशाने आतल्या परिपथांत उरलेली वीज निघून जाते आणि अडकून पडलेली नियंत्रक चिप नव्याने सुरू होते. हा उपाय फुकटचा आहे आणि त्याने काही बिघडत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी तो करावा असे माझे मत आहे.

तिसऱ्या वेळेबद्दल मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सोळाव्या महिन्यात टचपॅडचा उजवा खालचा कोपरा कडक लागू लागला. क्लिकसाठी अंगठ्याने जोर द्यावा लागे. कडेला धूळ गेली असेल असे समजून मी ती मऊ ब्रशने काढली. आठवड्याभरात अर्ध्या भागात क्लिक होईनासे झाले. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर विंडोज रीसेट करा एवढेच सांगण्यात आले. मी ते केले. फॉन्ट, शब्दकोश आणि कामाची सगळी मांडणी पुन्हा बसवण्यात दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी टचपॅड पूर्ण बंद पडले.

त्या संध्याकाळी लॅपटॉप टेबलावर किंचित डुगडुगताना जाणवला. स्टीलची फूटपट्टी टचपॅडवर आडवी ठेवली, तर ती दोन्ही बाजूंना तळहाताच्या जागेवर टेकेना. मधल्या भागावर तोलून डावी-उजवीकडे झुलू लागली आणि तिच्या टोकांखालून दिव्याचा उजेड दिसू लागला. टचपॅड खालून वर ढकलले जात होते. मी तत्काळ लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि सकाळी बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

शेवटचा स्क्रू निघताच तळाचे झाकण आपोआप वर आले. बॅटरीचे तीन सेल होते, त्यांतले दोन पुरीसारखे टम्म फुगलेले होते आणि त्यांच्या दाबाने टचपॅडची रिबन केबल सॉकेटमधून तिरकी होऊन निसटली होती. “ताई, टचपॅडला काहीही झालेलं नाही,” दुकानदार म्हणाले. त्यांनी नवी बॅटरी बसवली, केबल पुन्हा नीट खोचून तिची खिटी लावली आणि कोपऱ्यातले क्लिक पूर्वीसारखे वाजले.

लिथियम-पॉलिमर सेल लवचीक पाकिटात बंद असतात. उष्णता आणि सततचे पूर्ण चार्जिंग यांमुळे आतले रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगते. माझा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला, 100 टक्क्यांवर, एप्रिल-मेच्या उकाड्यातही तसाच चालू असे. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, आणि मी तर तिच्यावर दहा दिवस अंगठ्याने जोर देत होते. फोनवर मला “टचपॅड वर उचलले गेले आहे का?” एवढा एकच प्रश्न विचारला असता तर दीड दिवस वाचला असता आणि धोकाही टळला असता. बॅटरीची वॉरंटी वर्षभराचीच असल्याने खर्च माझ्याकडेच आला.

त्याला तीन महिने झाले. निर्मात्याच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवली आहे. दर महिन्याला बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता यांतले अंतर पाहते, आणि फूटपट्टीही ठेवून बघते. टचपॅड सध्या निर्दोष चालते आहे. याच किमतीत पुन्हा लॅपटॉप घ्यायचा झाला तर हा घेईन, पण चार्जिंगची मर्यादा पहिल्याच दिवशी लावीन.