क्रमवार शिकवण की दर रविवारी नवा विषय?

नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) उपदेशाच्या मी दोन्ही पद्धती पाहिल्या आहेत. पहिलीत पाळक (पास्टर) दर रविवारी एक विषय घेतात, आशीर्वाद, आरोग्य, विश्वास असा. नवख्याला ते लगेच कळतं, दुःखात असलेल्याला धीर मिळतो. पण वर्षभर तीच तीच वचनं फिरतात आणि अवघड भाग बाजूलाच राहतो.

दुसरीत बायबलमधलं एकच पुस्तक ओळीने वाचत पुढे जायचं. आमच्याकडे याकोबाचं पत्र सुरू होतं, अवघे 5 अध्याय. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत 5:4, म्हणजे पाचव्या अध्यायातलं चौथं वचन, आलं: शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. समोर शेतमालक बसलेले, वेचणीला जाणाऱ्या बायाही बसलेल्या. कुणी मान वर करेना. हा विषय आपणहून कुणी निवडला असता का? पाळकांनाही तो टाळता आला नाही. मला तर मंडळीचं आरोग्य इथेच दिसतं. उपासना सुटल्यावर एका आजीने नातवाकडून तो उतारा पुन्हा वाचून घेतला, अहिराणीत अर्थ विचारत विचारत. बायबलमधल्या बिरुया शहराचे लोक असंच रोज शास्त्र पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11).

शिकवणारा तयारीनिशी आला नाही तर ही पद्धत रटाळ होते, हे खरं. तरी रविवारी मी हीच धरेन. सणाला किंवा मयतीच्या घरी मात्र विषय धरूनच बोलावं.