ऑफिस २०१० आणि २०२१ एकाच पेढीत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

महिन्याच्या पाच तारखेला दीडशे पार्ट्यांना थकबाकीची पत्रं जायची असतात. ती एक्सेलमधला मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, आउटलुकमधून मेल करतो. आणि नेमकं त्याच सकाळी एक्सेल अडून बसतं. ‘कंपाइल एरर: कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी.’ मॅक्रोच्या खिडकीत ‘फॉरमॅट’ हा शब्द निळा होऊन समोर येतो. तारीख नीट छापणारी ती साधी ओळ, वर्षानुवर्षं न कुरकुरता चाललेली. तिच्यात काहीच बिघाड नसतो. बिघाड आउटलुकच्या लायब्ररीत, म्हणजे मॅक्रोला आउटलुकचे शब्द कळावेत म्हणून जोडलेल्या यादीत असतो आणि एक्सेल बोट दाखवतं तारखेकडे. त्या चुकीच्या बोटामागे अख्खा दिवस जातो, म्हणून हा पसारा लिहिला.

मांडणी नागपूरच्या इतवारीतल्या कुठल्याही ठोक व्यापाऱ्याकडे असते तशीच. तीन डेस्कटॉप, तिन्हींवर विंडोज १०. दोघांवर बत्तीस बिटचं ऑफिस २०१०. तिसऱ्यावर २०१० च्या शेजारीच होम अँड बिझनेस २०२१. होम अँड स्टुडंट स्वस्त पडतं, पण त्यात आउटलुक येत नाही. सीताबर्डीत घासाघीस करताना ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. २०१० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मध्येच संपला हे ठाऊक आहे. पण पैसे भरून झालेलं, चालतं सॉफ्टवेअर काहून काढायचं?

पहिली ठेच बसवतानाच लागते. २०१९ पासून ऑफिसचा इन्स्टॉलर न विचारता चौसष्ट बिटचं उतरवतो, आणि मशीनवर बत्तीस बिटचं जुनं ऑफिस दिसलं की अडू शकतो. दोन्ही जाती एका मशीनवर नांदत नाहीत. खात्याच्या पानावर इन्स्टॉलच्या आधी ‘अदर ऑप्शन्स’मध्ये जाऊन बत्तीस बिट निवडायचं. दोन आउटलुकचंही तसंच: एका मशीनवर एकच ठेवा. कंट्रोल पॅनेलमधून २०१० ला ‘चेंज’ देऊन त्यातलं फक्त आउटलुक ‘नॉट अव्हेलेबल’ करता येतं, वर्ड-एक्सेल जागेवर राहतात. नवं बसवायच्या आधीच हे करायचं.

आता मूळ भांडण. मॅक्रोची वही, म्हणजे एक्सेलची फाइल, शेअर्ड फोल्डरमध्ये असते, तिन्ही मशीनवरून उघडते. मॅक्रोच्या खिडकीत टूल्स, रेफरन्सेस उघडलं की तिथे आउटलुकची लायब्ररी टिक केलेली दिसते. २०१० ची १४.०, २०२१ ची १६.०. वही नव्या मशीनवर उघडली की १४ चं १६ गुपचूप होतं आणि सेव्ह केली की ते पक्कं होतं. उलट्या दिशेने काहीच होत नाही. जुन्या मशीनवर तीच वही उघडा, यादीत ‘मिसिंग: मायक्रोसॉफ्ट आउटलुक १६.० ऑब्जेक्ट लायब्ररी’. गंमत म्हणजे एक्सेलची स्वतःची लायब्ररी वर-खाली दोन्हीकडे जुळवून घेते. आउटलुकची नाही. आणि एक लायब्ररी हरवली की फॉरमॅट, डेट, लेफ्ट असे रोजचे शब्दसुद्धा एक्सेलला सापडेनासे होतात, म्हणून ते चुकीचं बोट.

तात्पुरता इलाज: मिसिंगची टिक काढा, खाली १४.० शोधून टिक करा, सेव्ह. रेफरन्सेस फिकट दिसत असेल तर मॅक्रो अर्धवट थांबलेला आहे. वरचं चौकोनी रीसेटचं बटण आधी दाबा. पण दुसऱ्या दिवशी नव्या मशीनवर कुणी वही सेव्ह केली की पुन्हा पहिले पाढे. तीन महिने हेच चाललं आणि तोवर दोषाचं सगळं खापर २०२१ वर होतं. या परीक्षणात त्याला पाचपैकी दोन तारे ठरलेले होते.

ते मत मागे घेतलं आहे. चूक मॅक्रो लिहिण्याच्या पद्धतीत होती. लायब्ररीची टिक कायमची काढून टाकायची आणि कोडमध्ये तीन जागी हात घालायचा. ‘अ‍ॅज आउटलुक.अ‍ॅप्लिकेशन’ असेल तिथे ‘अ‍ॅज ऑब्जेक्ट’. ‘न्यू’ असेल तिथे ‘क्रिएटऑब्जेक्ट’, आणि अवतरणात नुसतं आउटलुक.अ‍ॅप्लिकेशन, मागे आवृत्तीचा आकडा लावायचा नाही. तिसरी जागा फसवी आहे. ‘ओएल’ने सुरू होणारी सगळी नावं लायब्ररीसोबत जातात, म्हणून त्यांच्या जागी आकडे लिहायचे: मेलआयटमला ०, एचटीएमएल फॉरमॅटला २, इम्पॉर्टन्स हायला २.

एखादं नाव राहून गेलं तर काय होतं ते पाहा. मॅक्रोच्या डोक्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ असेल तर एक्सेल ‘व्हेरिएबल नॉट डिफाइन्ड’ म्हणून लगेच ओरडतं. ते नसेल तर अनोळखी नाव रिकामं, म्हणजे शून्य धरलं जातं. आणि पत्राचं महत्त्व सांगणाऱ्या ‘इम्पॉर्टन्स’मध्ये शून्याचा अर्थ ‘लो’. मग नव्वद दिवस थकलेल्या पार्टीला ‘तातडीचे’ असं लिहिलेलं पत्र खाली वळलेला निळा बाण लावून जातं, कमी महत्त्वाचं म्हणून! एररही येत नाही, काहीच नाही. म्हणून आधी ऑप्शन एक्स्प्लिसिट टाका, मग पहिलं पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहा. हे बदल केल्यापासून तिन्ही मशीनवरून एकच वही बिनबोभाट चालते आहे.

बिनबोभाट म्हटलं, पण एक किरकिर वेगळीच: दोन्ही आवृत्त्या असलेल्या मशीनवर २०१० चं एक्सेल उघडलं की ‘कॉन्फिगरिंग’ची पट्टी. २०२१ चं उघडून बंद करा, पुन्हा जुनं उघडा, पुन्हा पट्टी. चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत ती सरकत राहते. कारण इतकंच की प्रत्येक आवृत्ती सुरू होताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘फायलींचा मालक मी’ असं लिहून टाकते, आणि शेवटी लिहील तिचं खरं. इलाज: रजिस्ट्रीत करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १४.०, एक्सेल, ऑप्शन्स इथे ‘नोरीरेग’ (NoReReg) नावाची डीवर्ड किंमत बनवून १ द्यायची. वर्डसाठी वर्डच्या ऑप्शन्समध्ये तसंच. प्रत्येक युजरला वेगळं करावं लागतं. त्याआधी जुनं एक्सेल एकदा ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, साध्या युजरला ती नोंद पूर्ण करायचा अधिकार नसला तर पट्टी रोज येते.

२०२१ काढून परत २०१० वर जायचा मोह होतो तेव्हा एक सापळा आहे. काढल्यावर मॅक्रो ‘लायब्ररी नॉट रजिस्टर्ड’ म्हणतो. रजिस्ट्रीत क्लासेस रूटखाली टाइपलिबमध्ये ०००६२एफएफएफ ने सुरू होणारी शाखा पाहा. तिच्यात ९.४ हे २०१० चं, ९.६ हे नव्याचं. नवं गेलं तरी ९.६ चा सांगाडा कधी कधी तिथेच राहतो आणि विंडोज आधी त्याच्याकडे जातं. शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग फक्त ९.६ काढा.

नव्या आउटलुकचं चिन्ह हा आणखी एक वैताग. विंडोज १० वर ते २०२५ च्या सुरुवातीच्या अपडेटमधून आपोआप आलं. नाव तेच, निळं चिन्ह जवळपास तसंच, पण आतून वेगळं सॉफ्टवेअर. एक्सेलचा मॅक्रो त्याच्याशी बोलूच शकत नाही, जुनी अ‍ॅड-इनही त्यात चालत नाहीत. कुणी चुकून त्याच्यातच मेल पाहायला लागलं की ‘पत्रं आउटबॉक्समध्ये अडकली’ अशी हाक येते. ती क्लासिकच्या, म्हणजे ऑफिससोबत आलेल्या आउटलुकच्या, आउटबॉक्समध्ये असतात, क्लासिक उघडलं की जातात. टास्कबारवरून नवं काढा, क्लासिक पिन करा. डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये ईमेलसमोर कोण आहे तेही बघून घ्या, नाहीतर राइट-क्लिक करून फाइल मेल करताना भलतीच खिडकी उघडते.

जीमेलचं खातं २०१० च्या आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डने चालत नाही. टू-स्टेप सुरू करून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढायचा. येणाऱ्या मेलला पोर्ट ९९३, जाणाऱ्याला ४६५, दोन्हीकडे एसएसएल. बस.

पीएसटीचं, म्हणजे आउटलुक मेल साठवतं त्या फाइलचं, मात्र जपा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, गल्लीतले सगळे कूलर लागले की लाइट कधी जाईल नेम नाही, आणि आउटलुक उघडं असताना गेली की फाइल दुखावते. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याआधी तपासा. दुरुस्तीचं स्कॅनपीएसटी २०२१ मध्ये रूटच्या आत ऑफिस१६ फोल्डरमध्ये असतं, २०१० मध्ये ऑफिस१४ मध्ये. चालवण्याआधी पीएसटीची प्रत काढा आणि चुका शून्य होईपर्यंत दोन-तीनदा फिरवा.

हिशेबाचं बोलायचं तर, तिसऱ्या मशीनवर २०१० ठेवण्याची गरजच नव्हती. तारीख निवडायच्या जुन्या खिडकीसाठी (कंट्रोल) ते ठेवलं होतं, पण ते कंट्रोल बत्तीस बिटच्या २०२१ मध्येही चालतं. अडतं ते चौसष्ट बिटमध्ये. पट्टीची सगळी कटकट त्या काटकसरीपायी. आता तारे चार. पाचवा कापला, कारण २०२१ चा सपोर्टही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे आणि उरलेल्या दोन मशीनचा खर्च अजून व्हायचाच आहे, राजेहो.