जुन्या इंग्लिश पॅरिशची शीव: तीन नकाशांपैकी आधी कोणता उघडाल?

इंग्लिश सुनेच्या किंवा जावयाच्या घराण्याचा माग काढताना हमखास अडायला होतं ते इथे. १८५१ च्या जनगणनेत खापरपणजोबांचं जन्मगाव लिहिलेलं असतं, पण त्या गावच्या चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही. मग लोक आडनावाची स्पेलिंग बदलून बदलून शोधत राहतात. माझं सांगणं, आधी शीव बघा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, वसईचे ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात तो. १५३८ पासून बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी पॅरिशवार ठेवल्या गेल्या, आणि रस्त्यापलीकडचं घर दुसऱ्याच पॅरिशमध्ये असू शकतं.

सुरुवात करा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरच्या १८५१ च्या नकाशापासून. तो फुकट आहे. गावावर क्लिक केलं की पॅरिश, नोंदणी जिल्हा, बिशपचा प्रांत आणि मृत्युपत्रांचं कोर्ट एकदम कळतं. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टांकडे जात, म्हणून त्या कोर्टाचं नाव फार मोलाचं. लागून असलेल्या पॅरिशांची यादीही मिळते. नोंद बरेचदा त्यांतल्याच एकात निघते.

दुसरे टाइद नकाशे. टाइद म्हणजे शेतकऱ्याने चर्चला द्यायचा पिकाचा भाग; १८३६ च्या कायद्यानंतर त्याचं रोख रकमेत रूपांतर करताना हे नकाशे काढले गेले. सोबतच्या यादीत शेताचं नाव, मालक, कसणारा, क्षेत्रफळ सगळं असतं. आपला माणूस कोणतं शेत कसत होता हे समोर दिसतं, तो आनंद मला दुसऱ्या कुठल्याच कागदाने दिला नाही. उत्तरेकडे तर हे नकाशे लागतातच. यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्स पॅरिशमध्ये वीसहून जास्त टाउनशिप, म्हणजे पॅरिशच्या पोटातले छोटे विभाग, होत्या, त्यामुळे नुसतं ‘हॅलिफॅक्स’ कळून भागत नाही. त्याच पॅरिशमधल्या हेप्टनस्टॉल आणि एलंडच्या चॅपलांच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या हाताखालच्या छोट्या चर्चांच्या, वह्या वेगळ्या आहेत. मात्र मिडलंड्समध्ये, विशेषतः नॉर्दॅम्प्टनशायरकडे, जमिनींच्या फेरवाटणीतच टाइद मिटवलेले असल्याने पुष्कळ गावांचा नकाशाच नाही. टाइद नकाशासाठी कुठे पैसे भरण्याआधी एवढं तपासा.

तिसरा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याचा, सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा. तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट बघता येतो. पण १८८० नंतरच्या आवृत्तीवरून १७८० चा बाप्तिस्मा शोधू नका. तोवर कर आकारणीचा सिव्हिल पॅरिश चर्चच्या पॅरिशपासून वेगळा झाला होता, आणि एका पॅरिशचे दुसऱ्याच्या पोटात अडकलेले तुकडे कायद्याने शेजाऱ्यांत मिळवले जात होते. शक्य तितकी जुनी आवृत्ती घ्या. तिच्यावर हे तुकडे ‘डेट.’ (‘डिटॅच्ड’, म्हणजे सुटा तुकडा) अशा खुणेने दाखवलेले असतात. अशा तुकड्यातल्या घरचं बाळ दारातलं चर्च सोडून काही मैलांवरच्या चर्चमध्ये नेलं जाई. सर्व्हेवाल्यांना शीव दाखवायला मेअर्समन, म्हणजे शीव ठाऊक असलेला स्थानिक माणूस, सोबत चाले. मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर शिवेच्या ठिपक्यांलगत ‘४ फूट आर. एच.’ (आर. एच. म्हणजे ‘रूट ऑफ हेज’, झुडपांच्या कुंपणाचं मूळ) दिसलं, तर शीव कुंपणाच्या मुळापासून चार फुटांवर आहे.