वाळवणाच्या हंगामात फोन घरात ठेवला: व्हॉट्सॲप बिझनेस आणि बिझनेस सूट वापरल्यानंतरचा अनुभव

अमळनेरला आमचा घरगुती वाळवणाचा धंदा आहे. मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून करतो. हंगामात मदतीला चार-पाच बाया येतात. बिबडे (भिजवलेल्या ज्वारीचा शिजवलेला घाटा थापून केलेले), ज्वारीचे आणि नागलीचे पापड, कुरडया, शेवया. ऊन संपलं की काळा मसाला. गिऱ्हाईक जवळजवळ निम्मं सुरतचं. तिकडे खान्देशची माणसं किती आहेत हे ताप्ती लाइनच्या गाडीत एकदा बसलं की कळतं. बाकी पुणे, नाशिक, कल्याण. दारात येऊन माल नेणारं माणूस थोडं, ऑर्डर फोनवरच येते. त्यामुळे ‘मोबाइल बाजूला ठेवा’ हा सल्ला आम्हाला कुणी देऊ नये. मोबाइल हेच आमचं दुकान आहे.

दिवाळीपासून मी या दुकानाला वेळा लावून पाहिल्या. उन्हाळ्याचा सगळा हंगाम तसाच काढला, आता पावसाळा लागलाय. कोणती सोय कामाची निघाली आणि कोणती नुसती दिसायला बरी, ते लिहिते. सगळं अँड्रॉइड फोनवरचं आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपला वेळ पोस्ट टाकण्यात जातो असं सगळे धरून चालतात. रील बनवायला अर्धा-पाऊण तास लागतो हे खरं, पण तो रोज लागत नाही. रोजचा वेळ जातो उत्तरं देण्यात, आणि उत्तर द्यायला म्हणून फोन उघडल्यावर पुढे जे पाहत बसतो त्यात. भाव विचारणारा निरोप वाचायला गेलं की वरती एक लाल ठिपका असतो, ठिपक्यामागे कुणाची तरी रील, आणि इकडे चुलीवरचा बिबड्यांचा घाटा बुडाला लागतो. म्हणून पोस्टचं वेळापत्रक लावून देणाऱ्या ॲपांचं जे कौतुक चालतं, ते आमच्यासारख्यांच्या लहान दुखण्यावरचं औषध आहे. मोठं दुखणं उत्तरांचं.

बिबड्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. भिजवलेल्या ज्वारीचा घाटा पहाटे चुलीवर चढतो. तीळ, जिरं, लसूण, मिरची त्यातच. गरम असतानाच तो कापडावर थापायचा आणि ऊन चढायच्या आत थापून संपवायचा. साडेदहा-अकरापर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. या वेळेत फोन वाजला तर हात धुवा, पुसा, उत्तर द्या, तोवर घाटा घट्ट होतो. घट्ट घाट्याचा बिबडा जाड पडतो आणि जाड बिबडा तळल्यावर फुलत नाही. तेव्हा वेळ ठरवण्याचं आमचं कारण मनःशांती वगैरे नव्हतं, मालाची प्रत होतं. मनःशांती मिळाली असेल तर ती वरकड.

व्हॉट्सॲप बिझनेस हे धंदेवाल्यांसाठीचं व्हॉट्सॲप २०१८ च्या जानेवारीत आलं. फुकट आहे. आमच्याकडे पुष्कळ दुकानदार ते घेतात, नावापुढे दुकानाचा फोटो लावतात आणि तिथेच थांबतात. त्यातल्या ज्या सोयीने माझा सगळ्यात जास्त वेळ वाचवला ती म्हणजे ‘अवे मेसेज’: आपण नसताना आपोआप जाणारा निरोप. तो कायम चालू ठेवता येतो, ठरावीक वेळेपुरता लावता येतो किंवा प्रोफाइलमध्ये दुकानाची जी वेळ भरली असेल तिच्या बाहेर लावता येतो. मी तिसरा प्रकार घेतला. उत्तराची वेळ दुपारी दीड ते अडीच आणि रात्री साडेआठ ते सव्वानऊ. दुपारची वेळ सोपी होती. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा दीड वाजता अंगणात कुणी थांबत नाही. बिबडे एकटे वाळत असतात. रात्रीची वेळ सुरतवाल्यांसाठी, कारण मार्केटमधून ती माणसं घरी पोचतात तेव्हाच.

मजकूर असा ठेवला: “नमस्कार. तुमचा निरोप पोचला. आत्ता वाळवणाचं काम चालू आहे. उत्तर दुपारी दीड ते अडीच किंवा रात्री साडेआठनंतर नक्की मिळेल. वस्तू आणि भाव कॅटलॉगमध्ये आहेत. फारच घाई असेल तर खालच्या नंबरवर फोन करा.” खालचा नंबर साध्या बटणांच्या फोनचा. तो ओट्यावर खाटेजवळ पडलेला असतो आणि जाऊबाई कोपराने स्पीकर दाबून बोलतात. माझ्या मते या निरोपातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘नक्की’. नुसतं ‘लवकरच संपर्क करू’ लिहिलं तर माणूस दहा मिनिटांनी पुन्हा विचारतो, मग प्रश्नचिन्हं पाठवतो, मग रुसतो. वेळ सांगितली आणि ती पाळली की थांबतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या धामधुमीतसुद्धा बहुतेकजण थांबले. घाईवाल्यांचे फोन मला वाटले होते त्यापेक्षा थोडे आले. टाइप करताना प्रत्येकाला घाई असते. फोन लावायचा म्हटलं की खरी घाई किती आहे ते ज्याचं त्याला समजतं.

या सोयीच्या दोन बाजू आधी माहीत असाव्यात. एक, आपल्या फोनचं इंटरनेट चालू असेल तरच हा निरोप जातो. नेट बंद करून फोन कपाटात टाकला तर गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही. म्हणून फोन आवाज बंद करून, पण नेट चालू ठेवून घरात ठेवायचा. दोन, तो कुणाला जावा आणि कुणाला जाऊ नये हे निवडता येतं, आणि ते निवडाच. मी पिठाच्या गिरणीवाले आबा, पार्सलवाला भाऊ आणि माहेरची मंडळी वगळली आहेत. आईला दर वेळी “तुमचा निरोप पोचला” गेलं असतं तर मला आखाजीला माहेरी यायला कुणी बोलावलं नसतं.

‘ग्रीटिंग मेसेज’ वेगळा. तो पहिल्यांदा निरोप पाठवणाऱ्याला जातो, किंवा चौदा दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. हंगामी धंद्याला हा हिशोब बरा पडतो. वर्षभराने बिबडे आठवलेलं गिऱ्हाईक नव्यासारखंच असतं, त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

झटपट उत्तरं, म्हणजे ‘क्विक रिप्लाय’, यांचं मला सुरुवातीला अप्रूप होतं. तिरकी रेघ टाइप करायची, पुढे आपण ठरवलेला छोटा शब्द, की लिहून ठेवलेलं उत्तर हजर. भाव, पार्सलचा खर्च, पैसे कुठे पाठवायचे, बिबडे तळायचे कसे, यांना उत्तम. पण जुनं गिऱ्हाईक ओळखतं. सुरतची एक मावशी व्हॉइस नोटमध्ये घरच्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून शेवटी अहिराणीत “शे का माल?” (आहे का माल?) म्हणते. तिला छापील उत्तर गेलं तर ती बोलण्यात नाही, ऑर्डरमध्ये राग दाखवते. अशांना मी बोलूनच उत्तर देते. त्यांच्या व्हॉइस नोट मात्र दीडपट वेगाने ऐकते, तेवढं त्यांना कळत नाही.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात. माझ्याकडे वीसेक आहेत. भाव भरून ठेवला तरी “भाव काय?” विचारणं थांबत नाही, कमी होतं. चॅटला लावायच्या लेबलांचा उपयोग मला वाटलं त्यापेक्षा जास्त झाला: ‘पैसे बाकी’, ‘सुरत पार्सल’, ‘आखाजीच्या आत’. रात्री बसलं की आधी फक्त ‘आखाजीच्या आत’ उघडायचं. वरपासून खालपर्यंत सगळ्या चॅट चाळत बसण्यातच पूर्वी तास मोडायचा. एकच निरोप एकदम पुष्कळांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. ‘मी टाकलं होतं, कुणाला गेलंच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं. आम्ही पाकिटावरच छापलंय, नंबर सेव्ह करा म्हणून.

निरोप वाचल्याची खूण असलेल्या निळ्या टिकल्या बंद केल्या. त्या बंद केल्यावर आपल्यालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. जोडलेलं उपकरण म्हणून जाऊबाईंचा फोन लावलाय. मुख्य फोनशिवाय आणखी चार जोडता येतात. आम्हाला एक पुरे. दोघींनी एकाच गिऱ्हाइकाला दोन वेगळे भाव सांगायचे नसतील तर रात्रीची पाळी एकीनेच घ्यावी.

आता इन्स्टाग्राम. इथे गंमत अशी, की गिऱ्हाइकाचा निरोप आणि करमणूक एकाच दारातून आत येतात. फोनमध्ये ॲपला वेळेची मर्यादा घालायची डिजिटल वेलबीइंग नावाची सोय असते, तिने इन्स्टाग्रामला रोजची वीस मिनिटं लावून पाहिली. वेळ संपली की चित्र करडं होतं आणि ॲप उघडत नाही; मध्यरात्री हिशोब पुन्हा शून्यावर. ज्याला फक्त रील कमी पाहायच्या आहेत त्याला हे चालेल. धंदेवाल्याला नाही. वीस मिनिटं दुपारीच संपली की रात्री आलेली ऑर्डरही कुलपाच्या आत. मग सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवायची, आणि एकदा वाढवली की कुलपाची भीती गेली.

यावर जो उपाय लागू पडला तो मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून ठळक सांगते. मेटाचं, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीचं, बिझनेस सूट नावाचं ॲप आहे. फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामचं बिझनेस खातं जोडलं की दोन्हीकडचे निरोप आणि कॉमेंट त्यात एका जागी येतात. आणि त्यात रील पाहायची सोयच नाही. होळीनंतर मी फोनवरून इन्स्टाग्राम काढून टाकलं आणि उत्तरं फक्त सूटमधून दिली. सूट दिसायला जड आहे, मेनू पुष्कळ, पहिल्या आठवड्यात सापडत काही नाही. पण कंटाळवाणं असणं हाच त्याचा मोठा गुण. काम झालं की माणूस आपोआप बाहेर येतो.

पोस्ट आधी लावून ठेवायचं म्हणाल तर, इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर ७५ दिवस पुढची पोस्ट लावता येते. महाशिवरात्र ते आखाजी साधारण नऊ आठवडे, म्हणजे आमचा अख्खा हंगाम त्यात बसतो. माघात हात मोकळे असतात. तेव्हाच पुतण्याला बसवून मागच्या वर्षीच्या फोटोंतून आणि नव्या छोट्या व्हिडिओंतून पोस्टी लावून घेतल्या. आठवड्याला दोन, त्याहून जास्त नाही. याच कामासाठी महिन्याला पैसे घेणारं एक ॲपही पाहिलं. आमच्या गरजेपुरतं त्यात जास्तीचं काही नव्हतं, फुकटची मुदत संपली तसं सोडलं.

पण आधी लावलेल्या पोस्टीत माल ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं कधी लिहू नका. खान्देशात मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी येतो. आभाळ भरून आलंय, आम्ही ओली कापडं आत ओढतोय, आणि तिकडे आपोआप पोस्ट पडते, ‘आजचे ताजे, कडक उन्हातले’. त्याच्याखाली चाळीस जण विचारतात, कधी पाठवता? म्हणून लावलेल्या पोस्टीत फक्त करण्याची रीत, तळण्याची रीत, कुरडईचा चीक कसा ओळखायचा वगैरे. माल किती आणि कधी, ते फक्त व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, त्याच दिवशी. चोवीस तासांनी ते स्वतःच पुसलं जातं, शिळी बातमी मागे उरत नाही. रावेर-यावलकडे केळीचा भाव रोज बदलतो. तिथल्या व्यापाऱ्यांनाही स्टेटसच सोयीचं पडावं.

गिऱ्हाईक तुटलं का? थोडं तुटलं. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जाणारे असतात, आणि आखाजीच्या आठवड्यात ते गेले. पण तेव्हा आमच्याकडे तसाही माल पुरत नव्हता. ज्यांचा धंदा त्याच दिवशीचा आहे, केकवाले, टिफिनवाले, मोबाइल दुरुस्तीवाले, त्यांना दिवसातून दोन वेळा पुरणार नाहीत; त्यांनी दर दोन तासांनी पंधरा मिनिटं धरावी, किंवा उत्तराला वेगळा माणूसच ठेवावा. मसाला, लोणचं, शिवण, गोधड्या, रोपवाटिका अशांना मात्र हे बेलाशक चालेल.

आणखी एक सवय मी मोडली नाही. गिऱ्हाइकांची नावं, गाव, नंबर आणि कोण काय नेतं हे वहीत आहे. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं तेव्हा त्यावर जमवलेली माणसं रातोरात हरवलेले लोक सगळ्यांनीच पाहिले. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही मिळून सुमारे सहा तास बंद होती. वही लिहायला रोज दहा मिनिटं जातात आणि ती मी सोशल मीडियाच्याच वेळेत धरते.

पुतण्या म्हणतो, वेळ आणखी कमी होईल, यंत्राकडून उत्तरं देऊन घे. सुरतच्या मावशीला यंत्र काय उत्तर देईल ते पाहायची मला हौस नाही.

आता मसाल्याचं काम चालू आहे. मिरची भाजायची, दगडफूल निवडायचं. हात भरतात पण घाट्यासारखी घाई नसते. म्हणून दुपारची वेळ काढून टाकली, रात्रीची तेवढी ठेवली आणि निरोपात ‘वाळवणाचं काम’च्या जागी ‘मसाल्याचं’ केलं. इन्स्टाग्राम पुन्हा फोनवर घेतलेलं नाही. दिवाळीच्या शेवयांच्या ऑर्डरी श्रावणातला कानबाईचा सण झाल्यावर उघडू, तेव्हा दुपार परत सुरू करायची की नाही ते ठरेल. जाऊबाईंचं म्हणणं, नको.