बंद कॅसिनोच्या चिप्स: प्रिमच्या गॅस स्टेशनवर आम्ही तीनशे डॉलरला फसलो

लॉस एंजेलिसहून आय-१५ महामार्गाने लास वेगासला जाणाऱ्यांनी हे कृपया वाचा. भारतातून आलेले पाहुणे सोबत असतील तर जरूर वाचा.

२०२५ च्या फेब्रुवारीत बहीण आणि भावजी नाशिकहून आले होते. वाळवंट ओलांडून नेवाडाची हद्द लागते तिथेच प्रिम आहे. वेगास तिथून चाळीसेक मैल. गाव म्हणायचं, पण पसारा कॅसिनो, गॅस स्टेशन आणि ओस पडलेला मॉल एवढाच. मी पेट्रोल भरत होतो, भावजी पाय मोकळे करत होते. साठीतला एक माणूस त्यांच्याशी बोलायला आला. अंगात विटकं जाकीट, हातात कागदी पिशवी.

त्याने पैसे मागितले नाहीत. आधी गावाची कहाणी सांगितली, आणि ती ऐकत राहावी अशीच होती. १९२० च्या दशकात इथे पीट मॅकइन्टायर नावाच्या माणसाचं गॅस स्टेशन होतं. दारूबंदीच्या काळात तो चोरून दारू विकायचा, म्हणून त्याला व्हिस्की पीट म्हणत. १९३१ मध्ये नेवाडाने जुगार कायदेशीर केला. पुढे १९५० च्या दशकात अर्नेस्ट प्रिमने ही जागा घेतली आणि १९७७ मध्ये व्हिस्की पीट्स कॅसिनो सुरू झाला. १९९० मध्ये प्रिमाडोना आला, १९९४ मध्ये बफेलो बिल्स, दोनशे फुटांहून उंच रोलर कोस्टरसकट. कॅलिफोर्नियातून येणाऱ्याला हद्द ओलांडताच पहिला कॅसिनो इथे भेटायचा आणि परतताना शेवटचाही इथेच. त्यावर गाव पोसलं. २००० नंतर कॅलिफोर्नियातच आदिवासी जमातींच्या जमिनींवर तसेच कॅसिनो उभे राहिले, मग कशाला कोण इतक्या लांब येईल? डिसेंबर २०२४ मध्ये व्हिस्की पीट्स बंद झाला.

मी नंतर पडताळून पाहिलं, यातलं सगळं खरं निघालं. म्हणूनच पुढचंही खरं वाटलं.

तो म्हणाला, ‘बावीस वर्षं मी तिथे पत्ते वाटले. हिशेबाचे पैसे मिळाले नाहीत, या चिप्स तेवढ्या राहिल्या.’ शंभर डॉलरच्या दहा काळ्या चिप्स, म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी वापरतात त्या गोल चकत्या. वेगासला कुठल्याही मोठ्या कॅसिनोत रोख मिळतील, पण त्याची गाडी विकली गेलेली, बायको आजारी. तीनशे द्या आणि घेऊन जा. मी विचारलं, समोर त्याच मालकाचा कॅसिनो उघडा आहे, तिथे का नाही देत? ‘काढून टाकलेल्यांना आत घेत नाहीत,’ म्हणाला, आणि डोळे पुसले. भावजींनी पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर चिप्स हाताळल्या होत्या. वजन बरोबर वाटतंय म्हणाले. तीनशे डॉलर म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. दोघांनी मिळून दिले.

वेगासला कॅशियरच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी एक चिप उचलली आणि कडेवर नख घासलं. रंगीत पट्टा सोलून नखाला चिकटला. खऱ्या चिपमध्ये ते पट्टे आतपर्यंत गेलेले असतात, हे त्यांनी स्वतःच्या गल्ल्यातली चिप शेजारी ठेवून दाखवलं. आणि म्हणाल्या, खरी असती तरी मी घेतली नसती. ज्या कॅसिनोने चिप काढली त्यानेच ती वटवायची. नेवाडाच्या नियमांप्रमाणे चिप म्हणजे पैसे नव्हेत. ती त्या कॅसिनोचीच मालमत्ता असते, तुमचं येणं दाखवणारी खूण फक्त. कॅसिनो बंद होताना चिप्स कुठे आणि कधीपर्यंत बदलून मिळतील याची सूचना लावावी लागते.

भावजी हॉटेलवर जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा चेहरा तसा पाहणं मला फार जड गेलं.

असा कोणी भेटला तर पैसे काढण्याआधी जवळ जो कॅसिनो उघडा असेल तिथे जा आणि खिडकीवर विचारा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं नाही. जुलै २०२५ पासून बफेलो बिल्सचंही रोजचं कामकाज थांबलं आहे, त्यामुळे हीच कहाणी आता त्याही नावाने कानावर येऊ शकते.

परतताना आम्ही त्याच गॅस स्टेशनवर थांबलो. तो नव्हता. तिथे उभं राहिल्यावर भावजींना आठवलं, आमच्या दहा चिप्स काढून दिल्यावरही त्याची ती कागदी पिशवी तळाशी फुगलेलीच होती.