टिशू, कागदी कप आणि रफ वह्यांना पर्याय: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

गुढीपाडव्याच्या सुमारास आम्ही घरातला कागद कमी करायला घेतलं आणि आता दिवाळी पण होऊन गेली, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, गणपती, फराळाची तळणं असं सगळं यातून गेलंय, म्हणून आता लिहितेय. मी शोधत होते तेव्हा जे रिव्ह्यू मिळाले ते सगळे नव्या नव्या उत्साहातले होते, पावसाळ्यात फडकी वाळतात का हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

आधी एक सांगते कारण पुढचं सगळं त्यावर ठरलं. आपल्याकडे पेपर, जुन्या वह्या, पुठ्ठ्याची खोकी फारशी वाया जात नाहीत, रद्दीवाला वजन करून पैसे देतो आणि तो माल पुन्हा पेपर मिलला जातो. खरा कचरा म्हणजे जो कागद रद्दीवाला हातात घेत नाही तो. तेल पुसलेला टिशू, चहाचा कप, आमटी लागलेली प्लेट, दुकानातलं ते गुळगुळीत बिल. आणि हा खरकटा कागद सुक्या कचऱ्यात गेला की बरोबरचा चांगला कागद पण ओला होऊन वाया जातो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा नेतात, त्यांच्या कमाईचा एक भाग सुका कचरा विकून येतो, म्हणजे आपण टिशू टाकून त्यांचं पण नुकसान करतो. त्यामुळे आम्ही पेपर बंद केला नाही, सासऱ्यांना सकाळी हातात पेपर लागतोच आणि तो लागू दे, आधी या न विकल्या जाणाऱ्या कागदाच्या मागे लागलो.

सगळ्यात मोठा बदल किचन रोलचा. त्याच्या जागी सुती पंचे आणि जुन्या सुती साड्यांची फडकी. पंचे तुळशीबागेतून घेतले, साड्या आईंच्या (सासूबाईंच्या) कपाटातून निघाल्या. साडी शंभर टक्के सुतीच पाहिजे हं, पॉलिस्टर मिक्स असेल तर पाणी नुसतं इकडून तिकडे पसरतं, पुसलं काहीच जात नाही. नवीन पंच्याला खळ असते म्हणून आधी दोन-तीनदा गरम पाण्यातून काढायचा, मग तो खरा पाणी ओढायला लागतो. आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने कापड मऊ होतं पण शोषून घेणं कमी होतं.

फडकी तीन प्रकारची ठेवलीत, ओटा पुसायची, हात पुसायची आणि तेलकटाची. तेलकटाची मुद्दाम गडद रंगाच्या साडीतून कापली म्हणजे ती चुकून पोळ्यांच्या डब्यात जात नाहीत. पोळ्यांना पूर्वी आम्ही टिशू घालायचो, आता मलमलचा चौकोनी रुमाल घालतो आणि मला तर वाटतं पोळ्या त्यात जास्त चांगल्या राहतात, वाफ धरून खालची पोळी ओली व्हायची ती आता होत नाही. डब्यातला रुमाल मात्र रोजच्या रोज धुवायचा, त्यात आळस चालत नाही.

तळणाचा प्रश्न सगळे विचारतात, की भजी पुऱ्या कशावर काढायच्या. कापडावर काढू नका, तेल कापडात जिरलं की वास जाता जात नाही. आम्ही स्टीलची मोठी चाळणी ताटावर ठेवतो, झाऱ्यात नीट निथळून मग चाळणीत. दिवाळीच्या चकल्या, शेव, शंकरपाळे सगळं यावर निघालं, आणि ताटात गळलेलं तेल भाजीला वापरता आलं, टिशूवर काढलं असतं तर ते कचऱ्यातच गेलं असतं. आणि टिशू नको म्हणून कुणी वर्तमानपत्रावर भजी काढू नका प्लीज. शाईतली केमिकल्स गरम तेलाबरोबर खाण्यात उतरतात, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २०१६ पासून याबद्दल सांगितलेलं आहे, तरी वडापाव अजून पेपरात मिळतोच.

आता पावसाळा. जुलैमध्ये खरंच हाल होतात. जाड पंचा दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. त्यावर उपाय म्हणजे पावसाळ्यापुरती पातळ साडीची फडकी बाहेर काढायची आणि पंचे कपाटात टाकायचे. पातळ फडकं पंख्याखाली रात्रीत वाळतं. आठवड्यातून एकदा सगळी फडकी धुण्याचा सोडा घालून उकळायची, वास आणि तेलकटपणा दोन्ही जातो. पण हे काम कुणाचं ते घरात आधी ठरवा. कागदाच्या जागी कापड आणलं की धुणं वाढतं आणि ते बहुतेक घरात एकाच बाईच्या अंगावर पडतं, मग महिनाभरात ती कंटाळून पुन्हा रोल आणते, आणि तिची काहीच चूक नसते. आमच्याकडे उकळण्याचं काम नवऱ्याचं आहे, रविवारी तो करतो, म्हणूनच हे इतके महिने टिकलं असं माझं ठाम मत आहे.

कागदी कपांबद्दल. प्लास्टिकबंदी आली तशी लोकांना वाटायला लागलं की कागदी कप म्हणजे पर्यावरणाला चांगले, पण त्या कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. त्यामुळे तो ना धड कागद म्हणून विकला जातो ना खतात कुजतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं होतं की अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर साधारण २५ हजार सूक्ष्म प्लास्टिकचे कण त्यात उतरतात. हे वाचल्यावर मला मुलांच्या हातात तो कप द्यावासाच वाटेना.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला म्हणून पन्हं स्टीलच्या छोट्या पेल्यांत दिलं आणि कैरीची डाळ पळसाच्या द्रोणात. द्रोण नंतर सोसायटीच्या खतात गेले. घेताना द्रोण उलटा करून बघा, हल्ली पानांच्या मागे कागद आणि चकचकीत प्लास्टिक चिकटवलेले पण मिळतात, ते नकोत. गणपतीत आरतीला गर्दी असते तिथे पेले कमी पडले, मग आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी मिळून पेले आणि वाट्या घेतल्या, आता ज्यांच्याकडे कार्यक्रम ते नेतात. भांड्यांच्या मावशींना त्या दिवशीचे वेगळे पैसे द्यायचे हे आधीच ठरवलंय, कपांचे पैसे वाचतात त्यातूनच ते निघतात, आणि त्यांना फुकट राबवून पर्यावरण वाचवण्यात काही अर्थ नाही.

मुलांचं रफ काम. धाकटी दुसरीत, मोठा सातवीत. दोघांना एलसीडी रायटिंग पॅड घेतले, दोनशे-अडीचशेला मिळतात, बटण दाबलं की सगळं पुसतं. दाब पडला की अक्षर उमटतं, बॅटरी फक्त पुसताना लागते म्हणून ती खूप टिकते, आमची अजून बदलावी लागलेली नाही. पाढे, शुद्धलेखन, चित्रं, धाकटीचं सगळं यावर होतं आणि ती खूश आहे. मोठ्याला मात्र तो पुरला नाही. गणित करताना एक पायरी चुकली तर तेवढीच खोडता येत नाही, सगळंच पुसावं लागतं, आणि आधी केलेलं मागे जाऊन बघता येत नाही. त्याच्यासाठी पाठकोरे कागद जमवून दाभणाने टाचून वही करतो, एका बाजूने छापलेले कागद ऑफिसमधून भरपूर मिळतात. (त्यावर कुणाचा पॅन, पत्ता, पगार असलं काही असेल तर तो कागद घरी आणायचा नाही, सरळ श्रेडरला.)

पॅड घेताना बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का हे बघाच. आत बटणासारखा सेल असतो आणि तो लहान मुलाने गिळला तर फार धोकादायक आहे. घरात अगदी लहान बाळ असेल तर मी सरळ दगडी पाटी आणि पेन्सिल घ्यायला सांगेन, पाटी फुटते, खडूसारखी भुकटी पडते, पण वर्षानुवर्षं चालते आणि शेवटी दगडच राहते. पॅड बिघडला की तो ई-कचरा होतो, म्हणून तो एका मुलाला एकच.

बिलांचं पटकन सांगते. महावितरणच्या गो ग्रीनला नोंदणी केली की छापील बिल बंद होतं, ईमेलवर येतं आणि बिलात थोडी सूट मिळते, नोंदणी करताना छापील बिलावर जो जीजीएन (गो ग्रीन) नंबर असतो तो टाकायचा. दुकानातल्या त्या गुळगुळीत थर्मल बिलावर बहुतेक वेळा बीपीए किंवा बीपीएस या रसायनांचा थर असतो, ते रद्दीत घालू नका, आणि वॉरंटीचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढा कारण अक्षरं उडून जातात. गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत, झेरॉक्सचा गठ्ठा गेला.

जे बंद नाही केलं ते पण सांगते. घरात कुणी सर्दी-तापाने आजारी असेल तर टिशू वापरतो. मासे साफ केल्यावर ओटा आधी टिशूने पुसतो, मग फडक्याने. लग्नमुंजीच्या पत्रिका आता फोनवरच पाठवतो पण घरातल्या मोठ्यांना आणि देवापुढे ठेवायला थोड्या छापतो, आईंना अक्षता-कुंकू लावलेली पत्रिका हातात द्यायची असते आणि ते मला पण पटतं. किचन रोल पूर्वी महिन्याच्या सामानात असायचा, पाडव्यानंतर आणलेला एक रोल अजून कपाटात आहे. कुणी सुरुवात करणार असेल तर आधी फडक्यांचा डबा ओट्यावर रोल असायचा नेमका त्याच जागी ठेवा आणि धुवायच्या फडक्यांची वेगळी बादली सिंकखाली ठेवा, बाकी खरेदी नंतर करा.