कुएर्वो की पात्रोन?

दोन्ही टकिला, म्हणजे मेक्सिकन दारूचे ब्रँड, मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या, दोन्हींचं मूळ निळं अगावे, म्हणजे आपल्या माळावरच्या घायपाताच्या कुळातली वनस्पती. पण लोकांच्या मनात शिरण्याच्या वाटा अगदी वेगळ्या.

होसे कुएर्वोचं घराणं जुनं. १७५८ मध्ये स्पेनच्या राजाकडून जमीन मिळाली, १७९५ मध्ये दारू गाळण्याचा परवाना. पण मला तिची खरी गोष्ट १९७२ ची वाटते. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्याच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या ट्रायडेंट बारमध्ये बँडचा गायक मिक जॅगरच्या हाती 'टकिला सनराइज' आलं. टकिला, संत्र्याचा रस, तळाशी लाल, वर केशरी; ग्लासात उगवती सकाळच! दौराभर मंडळी तेच पीत राहिली आणि पुढच्या वर्षी कुएर्वोने त्याची कृती थेट बाटलीवर छापली. एका बँडच्या आवडीने अख्खं पेय घरोघरी पोचावं, याचं मला आजही नवल वाटतं.

पात्रोन १९८९ ची. जॉन पॉल डिजोरिया आणि मार्टिन क्राउली यांनी ती 'सावकाश चाखायची टकिला' म्हणून आणली. पुढे हिप-हॉप गाण्यांत तिचं नाव श्रीमंतीची खूण म्हणून येत राहिलं. २०१८ मध्ये बकार्डी या मद्य कंपनीने ती पूर्ण ताब्यात घेतली तेव्हा किंमत ठरली ५.१ अब्ज डॉलर.

चवीत माझा कौल पात्रोनला. ती शंभर टक्के अगावेची. कुएर्वोच्या नेहमीच्या सोनेरी बाटलीत इतर साखरेपासूनचं मद्यही असतं. सनराइज करायचं असेल, तर मात्र कुएर्वोच घ्या.